शेवटच्या खुर्चीवरची राजकन्या

फार पूर्वी युरोपात, बर्फाळ डोंगरांपलीकडे, एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या राजाला आठ मुलं. राजवाड्यातलं जेवणाचं टेबल इतकं लांब, की या टोकाची शिंक त्या टोकाला ऐकू जात नसे.

जेवणाची रीत ठरलेली होती. आधी राजाला वाढायचं, मग राणीला, मग वयाप्रमाणे मुलांना. आणि राजाने काटा खाली ठेवला, की सगळ्यांच्याच ताटल्या उचलायच्या. टेबलाबाहेर कुणी काही खायचं नाही. राजा काही वाईट नव्हता, पण त्याला सदा घाई. शेवटच्या खुर्चीवर पाच वर्षांची धाकटी राजकन्या बसे. तिच्यापुढे सूप येईतो राजाचं जेवण उरकलेलं असे.

धाकटी वाळत चालली. राजवैद्याने कडू काढे दिले, हवापालट करून पाहिला. शेवटी तो म्हणाला, की पोर हा हिवाळा काढेल असं वाटत नाही. राजाला रडू कोसळलं. खरं कारण सगळ्या वाढप्यांना ठाऊक होतं, पण राजाला सांगणार कोण?

धाकटीच्या शेजारी राजाच्या तीन मुलींतली मधली, बारा वर्षांची राजकन्या बसे. तिला निदान चार घास मिळत. बहिणीसाठी ती बाहीत पाव लपवून नेई, पण एकदा दाईने तोही पकडला. आता बोलणं एवढंच उरलं होतं. आणि राजाने विचारल्याशिवाय जेवताना जो बोलेल, त्याची वर्षभरासाठी डोंगरावरच्या मठात रवानगी होत असे.

त्या दुपारी राजाचा हात खाली येताना दिसला आणि मधली उठून उभी राहिली आणि ओरडली,

"बाबा, काटा ठेवू नका. धाकटीला अजून काहीच वाढलेलं नाही."

राजा संतापला. नियम म्हणजे नियम. संध्याकाळच्या आत मधलीची गाडी मठाकडे निघालीसुद्धा. बिचारी वाटभर रडली.

पण ते वाक्य राजाची पाठ सोडेना. दुसऱ्या दिवशी त्याने थोरल्या राजपुत्राला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः धाकटीला मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसला. बऱ्याच वेळाने सूप आलं. राजाने चमचा उचलला, तोच पलीकडे राजपुत्राने काटा ठेवला. वाढप्याने सवयीने राजापुढची ताटलीही उचलून नेली.

"रोज असंच होतं?" राजाने विचारलं.

धाकटीने मान डोलावली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"जेवताना बोलायचं नसतं ना, बाबा."

राजा तसाच उपाशी उठला आणि मठात गेला. मधलीला जवळ घेऊन म्हणाला, "चूक माझी होती, बाळ. घरी चल."

तेव्हापासून धाकटीने चमचा ठेवल्याशिवाय राजा काटा ठेवत नसे. ती कधी कधी दोन दोन तास रेंगाळे. राजा चुळबुळे, पण बसून राही. बर्फ वितळेपर्यंत तिचे गाल चांगले वर आले.

तात्पर्य: पहिल्या खुर्चीवरून शेवटच्याची भूक दिसत नाही. कुणाला तरी ती धीराने सांगावी लागते, आणि मोठ्यांना जागेवरून उठून ती पाहावी लागते.