डीजीकाकांचा ‘डी’

डीजीकाकांना विचारल्याशिवाय आठल्यांच्या घरात बारसं होत नसे. निवृत्त मुख्याध्यापक ना! या खेपेलाही ते नावांची यादी घेऊनच आले. कियारा, अनायशा, रिवा. प्रत्येक नावापुढे लाल शाईने अर्थ लिहिलेला.

पण नाव ठेवायचा मान आत्याचा. शर्वरीने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सगुणा!”

“सगुणा?” काका कडाडले. “वर्गात पोरं हसतील तिला. नावाला आजच्या काळात शोभेल असा अर्थ हवा. कोण ही सगुणा?”

“जन्मल्यावर बाळ रडेना, तेव्हा ते रडेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिल्या त्या नर्सबाई. त्या काय, तिथे घुगऱ्या खात बसल्यात.”

“मग त्यांना साडी नेसवा. नाव कशाला?”

शर्वरीने पाळण्याची दोरी हातात घेत विचारलं, “काका, डीजीमधला डी म्हणजे काय हो?”

काका पुटपुटले, “धोंडो.”

“अर्थ?”

“दगड! पण त्याचं कारण वेगळं. माझ्या आधीची तीन भावंडं गेली होती. मी तरी जगावं म्हणून आईने...”

“म्हणजे आजीने नावात अर्थ नाही पाहिला काका, तुमचा जीव पाहिला. मीही तेच केलं.”

काकांनी खिशातलं लाल पेन काढलं. मग त्यांनी आहेराच्या डब्यावरचं ‘डी. जी. आठल्ये’ खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘चि. सगुणाला, धोंडोआजोबांकडून.’