चौथं अक्षर

"…म्हणजे यंदा तरी माझी तयारी करून घ्याल ना, सर?"

निरंजन भोकरेनं हे विचारलं तेव्हा तो अजून उंबऱ्यातच होता. पायातली एकच चप्पल निघाली होती.

मिरजेतल्या त्या लहानशा घराच्या ओसरीवर इनामदार सर बाजेवर बसले होते. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला माणूस. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. डोकं शाबूत राहिलं, पण जीभ जड झाली. खोल विहिरीतून घागर शेंदावी तसा एकेक शब्द वर यायचा.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"तुझी… मी…"

"तयारी घेणार नाही. असंच ना, सर?" निरंजन म्हणाला. "बरोबरच आहे तुमचं."

सरांनी तोंड मिटलं.

आता याला काय म्हणावं? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शब्दांना पोराकडे तोटा नव्हता. सांगलीला दर वर्षी शब्दशोधाची स्पर्धा भरते. वाचणारा चार इंग्रजी अक्षरं एकामागून एक उच्चारतो. ती चारही, सलग नसली तरी, त्याच क्रमानं ज्यात येतात असा लांब शब्द सांगायचा, निदान दहा अक्षरांचा तरी. आधी घंटा वाजवील त्याचं उत्तर घेतात. चुकला की बाद.

गेल्या वर्षी आर, एस, पी एवढं कानावर पडलं आणि निरंजननं घंटेवर हात मारला. 'रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणून मोकळाही झाला. चौथं अक्षर अजून वाचणाऱ्याच्या ओठांतच होतं. ते निघालं व्ही. शेजारच्या मुलीनं शांतपणे 'रेट्रोस्पेक्टिव्ह' म्हटलं आणि बक्षीस घेऊन गेली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पुढच्याच रांगेत इनामदार सर बसले होते. हरण्यापेक्षा तेच त्याला जास्त लागलं. त्यानंतर तो या घराकडे फिरकला नाही. सरांना झटका आल्याचं कळलं, तेव्हाही नाही. कोणत्या तोंडानं जायचं, असं त्याला वाटत राहिलं.

पण आता स्पर्धा रविवारवर आली होती, आणि यंदा जिंकल्याशिवाय राहायचं नाही हे त्यानं पक्कं केलं होतं. सर नाही म्हणाले तरी उठायचं नाही, हेही. त्यानं बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. शब्द तयार आहेत, फक्त हात कमी पडतो. दुसरे लवकर वाजवतात. त्यांच्याहून लवकर कसं वाजवायचं, तेवढं सरांनी शिकवावं.

सरांनी बाजेखालची स्टीलची थाळी पायानं पुढे सरकवली. चमच्याकडे बोट दाखवलं. ही घंटा.

"टी… आर… एस…"

टण्ण.

"ट्रान्सफॉर्मेशन."

सरांनी मान हलवली. नाही. पुन्हा तीच तीन अक्षरं, तितक्याच सावकाश. आणि थांबले.

टण्ण. ट्रान्सपोर्टेशन. पुन्हा नाही.

तिसऱ्यांदा ट्रान्सलिटरेशन. तेही नाही. निरंजनचं डोकं तापलं. चौथं अक्षर सांगितल्याशिवाय उत्तर कसं बरोबर येणार, असं तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच विचारू लागला, एन आहे का, एम आहे का, एल असेल का.

सरांचे ओठ तेवढे थरथरत होते.

सरांच्या पत्नी, सगळ्या विद्यार्थ्यांच्या खाला म्हणजे मावशी, चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्या हळूच निरंजनला म्हणाल्या, "सगळे येतात ते त्यांचं वाक्य पुरं करून जातात, बेटा. न्हावी करतो, डॉक्टर करतो, मीसुद्धा करते. हल्ली त्यांनी बोलणंच सोडलंय."

त्या आत गेल्या.

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंबऱ्यात आपण काय केलं ते त्याला आत्ता दिसलं. त्यानं चमचा थाळीत ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सरांनी पुन्हा सुरुवात केली.

"टी… आर… एस…"

…

अक्षर येईना. सर मुद्दाम धरून बसलेत की त्यांना ते खरंच सापडत नाहीये, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आधी त्याच्या जिभेवर शब्दांची झुंबड उडाली. तो गप्प राहिला. चहावर साय धरली. शेजारच्या गल्लीत कुणीतरी तंबोरा लावत होतं, तार जुळत नव्हती, पुन्हा पुन्हा खुंटी पिळत होतं. हात मुंग्या येऊन बधिर झाले तरी त्यानं ते काढले नाहीत. रात्र झाली तरी बेहत्तर, असं त्यानं मनाशी म्हटलं.

हळूहळू शब्दही गप्प झाले. आता तो फक्त सरांच्या ओठांकडे बघत होता. इतकी वर्षं या माणसासमोर बसला, पण असं कधी बघितलं नव्हतं.

दर्ग्याकडून अजान झाली. ती विरली.

"…क्यू."

निरंजन हलला नाही. 'ट्रान्स'चं सगळं गणगोत त्या एका अक्षरानं वाहून गेलं होतं. तो रिकामा बसला. त्या रिकाम्या जागेत, अजिबात घाई न करता, एक शब्द आला. त्याची सुरुवात टीपासून होतच नव्हती.

त्यानं चमचा उचलून थाळीला हलकेच लावला.

"पिक्चरेस्क."

सर हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण डोळे दोन्ही हसले.

निरंजनचा जीव भांड्यात पडला. उद्या याच वेळी येतो, असं म्हणून तो पाया पडला आणि चप्पल घालायला वळला, तेवढ्यात सरांनी चांगला हात वर केला. बस.

तो बसला.

"तुझी… मी…"

तेच दोन शब्द. पुढचं सगळं निरंजनच्या ओठांवर तयार होतं. तयारी घेईन. रविवारी बघीन. त्यानं दात आवळले. चमचा लांब सारला.

…

आत खालांनी भांडी वाजवायची थांबवली.

…

"…वर्षभर… वाट पाहिली."