तिवड्यालगतची जागा

बैल बोलत आणि माणसं ऐकून घेत, त्या काळची ही गोष्ट. खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. मधोमध रोवलेल्या तिवड्याभोवती तीन बैल एका दाव्यात, शेजारी शेजारी फिरत. तिवड्यालगतची जागा मानाची. ती म्हातारा मोऱ्या सांभाळी.

तरण्या हौशाला ती जागा हवी होती.

"मला म्होरक्या म्हणा!" तो डुरकला.

"आमच्या गावी अव्वल म्हणतात," कडेचा म्हातारा चित्र्या हसला.

"तेही म्हणा. पुढारीही म्हणा."

"नावं पोटभर घे, आणि जागाही घे," मोऱ्या म्हणाला. धन्याने दोघांची जागा बदलली.

हौशा तोऱ्यात भरभर फिरू लागला. आतला फेरा लहान, कडेचा मोठा. चित्र्याला धावावं लागलं. दावं गळ्यात रुतलं आणि तो गुडघ्यांवर आला.

हौशाने वळून पाहिलं. तो पाय रोवून उभा राहिला, तशी सगळी रांग थांबली. चित्र्या उठल्यावरच त्याने पाऊल उचललं, अगदी हळू.

"आता काय म्हणू तुला? म्होरक्या की अव्वल?" मोऱ्याने विचारलं.

"नावाचं राहू द्या, आजोबा. चित्र्याकाकांना एवढी चाल झेपते का, तेवढं सांगा."