आंधळ्या मांत्रिकाचे चार मंत्र

एका राज्यात, जिथे झाडे वाटसरूला वाट सांगत आणि साळुंक्यांना भर दरबारात बोलायची मुभा होती, जयध्वज नावाचा राजा नांदत होता. त्याचा राजमांत्रिक सोमदत्त. सत्तरी उलटलेला, तोंडाने किरकिरा, मनाने लोणी. राजकन्या इरावतीची आई लवकर गेली, तेव्हा त्या पोरीला अक्षरे सोमदत्तानेच शिकवली. तिची वेणीही तोच घाली, आणि ती रोज वाकडी येई. इरावतीने कधी तक्रार केली नाही.

त्या राज्यातल्या मंत्रांचा एक कायदा होता. ज्याच्यावर मंत्र टाकायचा, तो मांत्रिकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. नजर पुढे जाते, मंत्र तिच्या मागून जातो. दुसराही एक नियम होता. उच्चारायला घेतलेला मंत्र अर्धा सोडायचा नाही आणि तो संपेपर्यंत पाऊल हलवायचे नाही. अर्धा सोडलेला मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटतो.

विकटाक्ष नावाच्या मांत्रिकाला राजमांत्रिक व्हायचे होते. राजाने त्याला नकार दिला, कारण दरबारात शिंकला एवढ्यावरून त्याने एका म्हाताऱ्या भालदाराचा बेडूक केला होता. विकटाक्ष संतापला. त्याने एका शापाने सोमदत्ताची दृष्टी घेतली, दुसऱ्या शापाने इरावतीला उचलून आपल्या काळ्या गडावर नेले आणि तिसऱ्या शापाने तिचे पाय दगडाचे केले. दगड रोज वीतभर वर चढत होता. सातव्या दिवशी तो डोक्यापर्यंत पोचणार होता.

सोमदत्ताने आधी उसने डोळे वापरून पाहिले. वाचाळी नावाची त्याची साळुंकी खांद्यावर बसून दिशा सांगे. दरबारात त्या बेडकावर उतारा टाकायचे ठरले. वाचाळी म्हणाली, जरा डावीकडे. सोमदत्ताने मंत्र सोडला. पण दुसऱ्याच्या नजरेमागून मंत्र कुठला जायला? तो वाट चुकला, आणि राजाच्या मुकुटाला मुळ्याचा पाला फुटला. राजाने तो शांतपणे खुडला आणि मुदपाकखान्यात पाठवून दिला. सभेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. आता राजकन्या गेलीच, असे ज्याला त्याला वाटले.

"सोमदत्ता, तुम्ही घरी बसा," राजा म्हणाला. "मी सैन्य धाडतो."

"सैन्याचे तो मेंढ्यांचे कळप करील, महाराज. मीच जातो."

"दिसत नसताना कोणता मंत्र टाकाल?"

"जे मंत्र दरबारात म्हणायची मला लाज वाटत होती, ते."

म्हणजे गावंढळ मंत्र. चूल पेटवायचे, तान्ही मुले निजवायचे, रोपांवर सावली धरायचे, मारका बैल शांत करायचे. थोर मांत्रिक त्यांना नाक मुरडत. सोमदत्ताला ते त्याच्या आईने दिले होते, आणि त्यांतल्या एकालाही समोरचा माणूस दिसावा लागत नसे. काही मंत्र जागेवर पडत, काही हाताच्या स्पर्शाने लागत. हे त्याला पन्नास वर्षे ठाऊक होते, पण कधी गरज पडली नव्हती.

काठी टेकत तो निघाला. तिसऱ्या दिवशी नदीच्या उतारावर एक राक्षस आडवा आला. शिळेवर बसून तो वाटसरू खात असे.

"धनी, तो शिळेवर बसलाय, आणि शिळा समोर बारा पावलांवर आहे," वाचाळी कुजबुजली.

राक्षसावर नेम धरता येत नव्हता, पण शिळा ही जागा होती, आणि जागा दुसऱ्याने सांगितली तरी चालते. सोमदत्ताने बारा पावलांवर चुलीचा मंत्र टाकला. शिळा तव्यासारखी तापली. राक्षस बूड धरून नदीत पडला तो वाहतच गेला.

पाचव्या दिवशी स्मशानातला वेताळ लागला. तो इतका चपळ की डोळसांनाही दिसत नसे. सोमदत्त मुकाट उभा राहिला. वेताळाने मागून येऊन त्याची मानगूट धरली, आणि स्पर्श झाला म्हणताच सोमदत्ताने बाळे निजवण्याचा मंत्र म्हटला. वेताळ तिथेच घोरू लागला. म्हाताऱ्याने त्याला चिंचेखाली सावलीत निजवले आणि पुढची वाट धरली.

सातव्या दिवशी तो काळ्या गडाच्या सभागृहात शिरला. वाचाळीने एकाएकी त्याच्या खांद्यात नखे रोवली.

"सांग," तो म्हणाला.

"धनी, दगड हनुवटीपर्यंत आलाय."

"काका, परत जा," इरावतीचा आवाज आला. "तो समोरच आहे. तुम्हाला मारील."

सोमदत्ताला भीती वाटली, आणि आपल्याला ती वाटते आहे हे त्याने लपवले नाही. "पोरी, तुला सोडून कुठे जाऊ?" एवढेच तो म्हणाला.

विकटाक्ष हसला. त्याने एकशे आठ अक्षरांचा मृत्युमंत्र म्हणायला घेतला, कारण छोट्या मंत्राने मारणे त्याला कमीपणाचे वाटे. तेवढ्यात सोमदत्ताने माळ्यांचा मंत्र म्हटला, पाच अक्षरांचा. उन्हाच्या तडाख्यात रोपे वाचवायला माळी वाफ्यावर धुके पाडतात, तो. सभागृह धुक्याने काठोकाठ भरले.

आता कुणालाच काही दिसेना. सोमदत्ताला त्याची सवय झाली होती, विकटाक्षाला नव्हती. त्याचे सगळे मंत्र नजरेचे. शेवटचे अक्षर उच्चारताना समोर सोमदत्त दिसला नाही तर मंत्र वाया, आणि मध्येच थांबावे तर तो आपल्यावरच उलटणार. धुके विरेल या आशेने तो एकेक अक्षर लांबवत, एका जागी खिळून मोठ्याने म्हणत राहिला. सोमदत्त त्या आवाजाच्या रोखाने सावकाश चालत गेला. नव्वदावे अक्षर झाले, शंभरावे झाले. एकशे सातव्या अक्षराला त्याचा हात विकटाक्षाच्या खांद्यावर पडला.

अडेल बैल मारका होऊन शिंगे उगारतो, तेव्हा शेतकरी त्याच्या वशिंडावर हात ठेवून एक मंत्र म्हणतात. सोमदत्ताने तोच म्हटला.

विकटाक्षाचा राग उतरला. शेवटचे अक्षर त्याने जांभईसारखे सोडले, आणि ते धुक्यात विरून गेले. शाप सगळे रागावर उभे होते. राग गेला तसे तेही गेले. दूर दरबारात बेडकाचा पुन्हा भालदार झाला आणि आधी शिंकला. इकडे दगड तडकल्याचा आवाज आला, पाठोपाठ पैंजण वाजले.

सोमदत्ताने डोळे उघडले. सगळीकडे पांढरे. त्याने डोळे चोळले, पुन्हा पाहिले. पुन्हा पांढरेच. शाप उतरला, पण आपली दृष्टी गेली ती गेलीच, असे त्याला वाटले. पोर वाचली, आणखी काय हवे, असे तो स्वतःला समजावू लागला, आणि समजावता समजावता मुसमुसून रडू लागला.

कुणीतरी चाचपडत आले आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"काका," इरावती म्हणाली, "धुके आवरा."

सोमदत्त रडता रडता थांबला. मग त्याने ते पाच अक्षरी धुके आवरले, आणि सर्वांत आधी त्याला तिचे तोंड दिसले.

जसा त्या राज्यावरचा शाप फिटला, तसे ऐकणाऱ्यांचेही भले होवो.