झुंबरने दिलेला खो

फार पूर्वी, नदीच्या वळणावरच्या एका गावात झुंबर नावाची मुलगी राहायची. आईबाप नव्हते, शाळाही सुटलेली. गावभर हिंडायचं आणि कुणी काही बोललं की हात उगारायचा, एवढंच तिला येई. ठकू नावाच्या मुलीशी तर तिचं हाडवैर. शेवटी गावचे पंच म्हणाले, "हिला आता परगावी धाडा."

गावात मुलींना खो-खो शिकवणारी एक आत्या होती. ती म्हणाली, "जत्रेपर्यंत हिला माझ्याकडे द्या. जत्रेतल्या सामन्यात भांडली, तर खुशाल धाडा."

झुंबर वाऱ्यासारखी धावे. तरी आत्या तिला रोज रांगेत बसवी, तेही ठकूच्या शेजारी.

"आत्या, मी सगळ्यांत जोरात पळते. मग बसू कशाला?"

"कुणी खो देईपर्यंत बसायचं. आणि आपल्याला गडी गाठता येत नसला, तर दुसरीला खो देऊन तिच्या जागी बसायचं."

"म्हणजे पळायचं सोडून तुम्ही मला बसायलाच शिकवताय?"

"हो," आत्या म्हणाली.

झुंबरला काही उमगेना. खो न मिळताच ती उठली, की आत्या डाव पुन्हा पहिल्यापासून मांडी. मग ती दात आवळून बसून राही.

जत्रेचा दिवस उजाडला. वेळ संपत आली होती आणि समोरच्या संघातली एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. झुंबर तिच्यामागे सुटली. हात पोचणार, एवढ्यात ती बसलेल्या दोघींमधून पलीकडे निसटली. रांग ओलांडायची नाही, हा नियम. आणि पलीकडे तोंड करून अगदी जवळ बसली होती ठकू!

झुंबर गोंधळली. खांबाला वळसा घालून आपणच गाठावं? की हिला खो द्यावा? पण मग नाव हिचंच होणार!

"खो!" ती ओरडली. हात ठकूच्या पाठीवर पडलासुद्धा होता.

ठकू झेपावली. गडी बाद!

लोकांनी ठकूला खांद्यावर घेतलं. झुंबर तिच्या जागी बसूनच होती. डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू.

"आत्या, जयजयकार तिचा चाललाय. मग मला का इतकं बरं वाटतंय?"

आत्या काही बोलण्याआधीच ठकू खांद्यावरून उडी मारून धावत आली आणि झुंबरचा हात ओढू लागली. "ऊठ की गं! खो तर तूच दिलास ना?"

गावच्या पंचांनीही हे पाहिलं. झुंबरला धाडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तात्पर्य: अंगात जोर पुष्कळांच्या असतो, तो कधी आवरायचा आणि डाव कधी दुसऱ्यावर सोपवायचा, हे खेळ शिकवतो.