रेंजच्या पलीकडची होडी

"पण वेबवर केलं तर बिघडलं कुठे, सर?" निनाद तांडेलने तिसऱ्यांदा विचारलं.

परकार सर बंदराच्या धक्क्यावर बसले होते. उभी हयात जहाजांवर काढून आता गावातल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे.

होड्यांना खडक चुकवून घरची वाट दाखवणारं अ‍ॅप निनादने केलं होतं. सर म्हणाले होते, फोनच्या स्वतःच्या भाषेत लिही, नकाशा फोनमध्येच राहू दे. पण ऐकेल तर शपथ. पठ्ठ्याने वेबसाइट केली, तिच्यावर अ‍ॅपचं कवच चढवलं. अँड्रॉइडवरही चालतं, आयफोनवरही, आणि तीन आठवड्यांत काम फत्ते. गावभर मिरवून झालं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. निनादचा थोरला भाऊ हरेश नाखवा म्हणून पहिल्यांदाच होडी घेऊन गेला होता. निनादचं अ‍ॅप आहे म्हणून त्याने जुनं जीपीएस यंत्र घरीच ठेवलं.

आता दुपारीच अंधारून आलं होतं. पावसाने बंदराच्या तोंडावरचे खडक पार झाकून टाकले होते. बाकीच्या होड्या परत आल्या, हरेशची नाही. त्याचा फोन लागत नव्हता.

"अ‍ॅप आहे त्याच्याकडे," निनाद म्हणाला.

सरांनी हात पुढे केला. निनादने फोन दिला. त्यांनी अ‍ॅप बंद केलं, मग फोनची रेंज बंद केली, आणि फोन परत त्याच्या हातात ठेवला.

"उघड."

निनादने उघडलं. पांढरा पडदा आला. मधोमध एक चक्र गोल गोल फिरत राहिलं.

...

निनादने अ‍ॅप बंद केलं. घरी चाललं होतं, शाळेत चाललं होतं, इथे धक्क्यावर तर दहादा चाललं होतं. त्याने पुन्हा उघडून पाहिलं. तेच चक्र.

सर समुद्राकडे बघत होते. तिथे दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"रेंज आली की लगेच उघडतं, सर," निनाद कसाबसा म्हणाला. "नकाशा दिसतो. सगळे खडक दिसतात. फक्त रेंज हवी..."

...

"मग जा," सर म्हणाले. "हरेशला रेंजपर्यंत घेऊन ये."