भोक पडलेलं झाकण

"...मग देऊन टाकू का भंगारात, उस्ताद?"

मल्लू जंगमनं उभ्यानंच विचारलं. आमचे उस्ताद, इमामसाब शिकलगार, बाजेवर बसून जीपकडे बघत राहिले. जीप एकेकाळी त्यांचीच. मल्लूनं स्वतःचं गॅरेज काढलं, त्या दिवशी त्यांनी तिची किल्ली त्याच्या हातावर ठेवली होती.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावर उस्तादांच्या हाताखाली मल्लू आणि मी एकदमच लागलो. मी अजून शिकतोच आहे, मल्लू शिकून मोकळा झाला. उस्तादांचं गॅरेज आता बंद आहे. लिंबाचं झाड आहे, बाज आहे, आणि तेल मुरून काळी पडलेली जमीन आहे. तिथं गेलं की मला उगाच भरून येतं.

"बस की," उस्ताद म्हणाले.

"बसत नाही. भंगारवाला यायलाय दुकानावर. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं द्यायचं, म्हणून आलो."

"झालंय काय तिला?"

"पंप. टाकीखालचा पेट्रोलचा पंप. जरा लांब गेलं की कुंई कुंई वरडतो, आन् वरडत वरडत गाडी बंद. नवा घातला. तो वरडला. दुसरा घातला, भारीतला. तोपण वरडला. वायरी बदलल्या, जाळी धुतली, मशीन लावून प्रेशर बघितलं. काय राहिलं सांगा."

पंपानं भर बाजारात त्याचा अपमान केला असावा, अशा थाटात मल्लू सांगत होता.

"कुणावर वरडलालाय?" उस्तादांनी विचारलं.

"आं?"

"पंप बे. कुणावर वरडलालाय?"

मल्लूनं माझ्याकडे बघितलं. म्हातारा आता भ्रमला, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मला राग आला.

"चालू कर."

येताना वरडत आलेली जीप पुन्हा वरडू लागली.

घरातून चहा आला. उस्तादांची जुनी रीत होती. गाडी चालू ठेवायची, आणि चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, बॉनेटला हात लावायचा नाही. नुसतं ऐकायचं. मल्लूनं उभ्यानंच कप रिकामा केला. उस्ताद बशीत ओतून, फुंकर घालून घेत होते...

याच जीपमधून आम्ही शुक्रवारी नमाजानंतर नळदुर्गला जायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि मागच्या फळीवर पाय सोडून बसलेला मल्लू. खंडेनवमीला पाने-पकडी रॉकेलनं धुवायच्या आणि जीपला झेंडूचा हार घालायचा. हार घालायचा मान मल्लूचा. स्वतःचं गॅरेज काढल्यावरही काही वर्षं तो जीप घेऊन यायचा. मग नुसता फोन यायला लागला. मग तोही बंद झाला. ही जीप गेली, की त्याला या लिंबाखाली आणणारं काहीच उरणार नव्हतं. ते मला कळत होतं, उस्तादांनाही कळत असणार.

पंपाचा आवाज चिरका झाला. इंजिनानं आचके दिले.

उस्तादांनी बशी खाली ठेवली. "पेट्रोल भरलं की बरी चालते का रे?"

मल्लू थबकला. "हां... भरल्या भरल्या चांगली पळते. तुम्हाला कसं..."

उस्ताद उठले. त्यांचे हात आता थरथरतात. जीपला धरत धरत ते टाकीपाशी गेले. टाकीवर नवं, चकचकीत झाकण होतं, रबराची कड असलेलं. दोन्ही हातांनी त्यांनी ते पिळलं.

सुस्स...

टाकीनं भला मोठा श्वास आत घेतला. पंपाचं वरडणं थांबलं. इंजिन एका लयीत चालू लागलं. नळदुर्गच्या रस्त्यावरचा तिचा तो आवाज मी कुठंही ओळखला असता.

उस्तादांनी हातातलं झाकण उलटंपालटं करून बघितलं.

"जुनं झाकण?"

"टाकून दिलं. गंजलं होतं, उस्ताद. बारीक भोक पडलं होतं त्याला. तुमची गाडी... आत धूळ जायला नको म्हणून चांगल्यातलं बसवलं."

"पडलं नव्हतं. मी पाडलं होतं."

मल्लूनं वाकून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"वारा..." तो स्वतःशीच म्हणाला. "आत वारा यायला वाटच ठेवली नाही मी. तो बिचारा पेट्रोल ओढणार कसा? आन् मी पंपच बदलत बसलो..."

त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका. द्यायची नाही," एवढंच म्हणाला. मग बाजेच्या कडेला टेकला. आल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या दुकानात चार गाड्या उघड्या पडल्या होत्या, हे तोच मला मघाशी सांगत होता. पण तो बसला. उस्तादांनी आपल्या बशीतला उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. तोही त्यानं सावकाश घेतला.

उठताना मल्लूनं हात पुढं केला. "द्या झाकण. भोक पाडून बसवतो."

उस्तादांनी खांद्यावरचं फडकं काढून टाकीच्या तोंडाला बांधलं, सुतळीचे वेढे दिले. झाकण सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ते बाजेवर जाऊन बसले.

"उस्ताद... झाकण?"

"राहू दे माझ्यापाशी. न्यायला ये."